मेल सर्व्हरवर डेबियन लिनक्स १२ चं १३ केल्यावर सगळ्यांचे इनबॉक्स रिकामे दिसतायत. जुने मेल परत कसे आणायचे?

आधी बॅकअपवरचा हात काढा. मेल बहुतेक जागच्या जागी आहेत.

१३ वर डवकॉट (साठवलेले मेल युजरला दाखवणारा सर्व्हर) २.३ चं २.४ होतं आणि जुनी कॉन्फिग त्याला चालत नाही, सर्व्हिस उठतच नाही. मग माणूस वैतागून पॅकेजमधली नवी फाइल घेतो. तिच्यात मेल_ड्रायव्हर, म्हणजे मेल साठवायची पद्धत, एमबॉक्स (अख्खा फोल्डर एकाच फाइलमध्ये) असतो आणि इनबॉक्स /व्हार/मेलमध्ये. तुमचे मेल युजरच्या होम फोल्डरमधल्या मेलडिरमध्ये, जिथे प्रत्येक मेलची वेगळी फाइल. डवकॉट भलत्याच खोलीत डोकावून "इथे कोणी नाही" म्हणतं.

मीही नाशिकजवळच्या एका कारखान्यात हेच करून बसलो. शनिवारी दुपारी अपग्रेड केलं, सहाला अकाउंट्सच्या मॅडमचा फोन, "माझे सगळे मेल साफ झाले!" डीयू (फोल्डरचा आकार सांगणारी कमांड) मारून बघितलं तर मेलडिरचा आकार जसाच्या तसा. साहेबांना म्हटलं, दहा मिनिटं द्या, डेटा आहे, फक्त पत्ता चुकलाय. साहेब म्हणाले, "मग बॅकअप कशाला घेतो आपण?" आणि बाहेरच्या एका पोराला परस्पर रिस्टोअर करायला सांगितलं. त्याने पहाटे दोनचा बॅकअप आरसिंक या कॉपीच्या कमांडने थेट मेलडिरवर ओतला, वर डिलीटचा पर्याय लावून, म्हणजे बॅकअपमध्ये नसेल ते पुसलं जाणार. पोस्टफिक्स (आलेले मेल पोचवणारा सर्व्हर) दिवसभर त्याच मेलडिरमध्ये मेल टाकत होतं. दोननंतर आलेलं सगळं उडालं. आणि गंमत बघा, इनबॉक्स तरीही रिकामेच! कॉन्फिगला कोणी हात लावलाच नव्हता ना.

नंतर मी ड्रायव्हर मेलडिर केला, मेल_पाथ ~/मेलडिर दिला आणि मेल_इनबॉक्स_पाथची ओळ काढली. ती राहिली की बाकी फोल्डर दिसतात, इनबॉक्स नाही. सर्व्हिस रीस्टार्ट, संपलं. व्हर्च्युअल युजर (लिनक्सवर खातं नसलेले, फक्त मेलचे) असतील तर पाथमधले %डी (डोमेन), %एन (युजरचं नाव) पण बदला, २.४ मध्ये ते बाद झालेत.

रिपोर्टमध्ये मात्र आलं, "अपग्रेडमुळे मेल गेले." नवी फाइल घेतली ही चूक माझीच, कबूल. पण अपग्रेडने एकही मेल खाल्ला नाही, साहेब. रिस्टोअरने खाल्ले.

हो, एक राहिलं. हे सगळं मेलडिरपुरतं. डीबॉक्स (डवकॉटची स्वतःची साठवण पद्धत) वापरत असाल तर इंडेक्स फाइली "खराब झाल्या असतील" म्हणून उडवू नका, वाचलं-न वाचलंच्या खुणा तिथेच असतात. मेलडिरमध्येही डवकॉट-यूआयडीलिस्ट (मेलच्या क्रमांकांची फाइल) तशीच राहू द्या, नाहीतर पॉपने मेल उतरवून घेणाऱ्यांकडे सगळे मेल पुन्हा उतरतील.

आणि रिस्टोअर करायचाच तर वेगळ्या फोल्डरमध्ये, मग तुलना. हे मी शनिवारी सकाळी साहेबांना प्लॅनमध्ये लिहून पाठवलं होतं. तो मेलही गेला, त्यांच्या इनबॉक्समधून आणि माझ्या सेंटमधूनही.