थँक्सगिव्हिंगच्या सकाळी मॅचला जावं का?

प्रश्न : पुण्याहून बोस्टनजवळच्या नीडहॅमला आलोय. मुलगा नववीत. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला इथला सण) सकाळी, कडाक्याच्या थंडीत, शेजारच्या वेल्स्ली गावाच्या शाळेविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉल मॅचला जायचा हट्ट धरतो. निकाल प्लेऑफसाठी, म्हणजे बाद फेरीसाठी, धरतही नाहीत म्हणे! मग एवढं काय?

उत्तर : ताई, जाच! दोन्ही शाळा बे स्टेट कॉन्फरन्स या शालेय लीगमधल्या, त्यामुळे बास्केटबॉल, सॉकरमध्येही गाठ पडतेच. पण ही लढत १८८२ पासूनची; अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलांमधली सर्वांत जुनी मानतात. गुणतक्ता राहू द्या, इथे गावाची इज्जत पणाला लागते. बारावीतल्या बहुतेक पोरांची ही शेवटची मॅच, म्हणून जीव तोडून खेळतात. माझी लेक बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची, बोटं कापलेले हातमोजे घालून. ॲल्युमिनियमचे बाक फार गार लागतात. जाड चादर न्या, थर्मासात चहाही.