तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलात आवाज बसवायचा आहे, कोणता मॉड्यूल घ्यावा?

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला, लेक बैल ओढायला लागली की घुंगरू वाजायला हवेत आणि शेपटीचं बटण दाबलं की बैल डुरकायला हवा, त्यासाठी आयएसडी१८२० (आवाज रेकॉर्ड करून वाजवणारं छोटं सर्किट) घेऊ की डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डावरच्या फाइली वाजवणारं), असं तुम्ही विचारलंय. डीएफप्लेअर घ्या. मी इथे नागपुरातच आहे आणि भाच्याच्या बैलात दोन्ही बसवून पाहिलेत.

आयएसडी१८२० वाईट नाही. बटण दाबून माइकसमोर बोललं की रेकॉर्डिंग झालं, आणि वीज काढली तरी ते पुसत नाही. पण त्यात संदेश एकच मावतो, तोही १० सेकंदांचा. रेझिस्टर बदलून २० सेकंदांपर्यंत नेता येतो, पण मग आवाज आणखी घोगरा होतो. १० सेकंदांवरही तो सेकंदाला ६४०० नमुनेच घेतो, त्यामुळे बारीक, उंच आवाज त्यात येतच नाहीत. "बोजारा द्या काकू" (बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला मुलांना मिळणारी भेट) हे वाक्य त्यात छान वाजतं. घुंगरू मात्र डब्यात खडे हलवल्यासारखे वाजले.

डीएफप्लेअरमध्ये ३२ जीबीपर्यंतचं मायक्रोएसडी कार्ड चालतं आणि ३ वॅटचा अॅम्प्लिफायर आतच असतो. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, 'एमपी३' नावाचं फोल्डर इंग्रजी अक्षरांत करा आणि फाइलींना ०००१, ०००२ अशी इंग्रजी आकड्यांत नावं द्या. आर्डुइनोच्या, म्हणजे मॉड्यूलला आज्ञा देणाऱ्या छोट्या बोर्डाच्या, प्रोग्राममध्येही त्या फोल्डरातूनच वाजवा. नुसता क्रमांक दिला तर तो कार्डावर फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने मोजतो, आणि घुंगरांऐवजी बैल डुरकतो.

घुंगरांची फाइल दोन-तीन मिनिटांची ठेवा. छोटी फाइल फिरवली तर दर वेळी जोडावर क्षणभर गप्प होते आणि ते कानाला लगेच खटकतं. मी काटोलकडच्या एका गोठ्यात खऱ्या बैलाची घुंगुरमाळ मोबाइलवर रेकॉर्ड केली. विकतच्या आवाजाला ती सर नाही.

दोन आवाज एकाच वेळी मिसळून वाजवणं याला जमत नाही. पण 'अॅडव्हर्ट' फोल्डरात ठेवलेली फाइल मधेच वाजवता येते, आणि ती संपली की आधीचा आवाज होता तिथून पुढे सुरू होतो. डुरकणं तिथे ठेवा. बाजारात नकला बऱ्याच आहेत, तेव्हा हे आधी टेबलावरच वाजवून बघा.

चाकाला चुंबक आणि बैलाखालच्या पाटाला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) लावला की बैल चालतोय हे आर्डुइनोला कळतं. चुंबक समोरून गेल्यावर मॉड्यूलची 'बिझी' पिन बघा: वाजत असताना ती लो (जवळपास शून्य व्होल्ट) असते. ती हाय असेल तेव्हाच प्लेची आज्ञा द्या, नाहीतर चाकाच्या प्रत्येक फेरीला आवाज पहिल्यापासून सुरू होईल. आर्डुइनोच्या टीएक्स (आज्ञा पाठवणाऱ्या) पिनपासून मॉड्यूलच्या आरएक्स (आज्ञा घेणाऱ्या) पिनपर्यंतच्या वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर टाका, त्याशिवाय स्पीकरमध्ये बारीक खरखर येते. स्पीकरच्या दोन्ही वायरी एसपीके१ आणि एसपीके२ लाच जोडा, एकही ग्राउंडला नाही.

माझी खरी फजिती पॉवरने केली. पहिल्या वर्षी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली होती. घरात सगळं ठीक. गल्लीत आवाज वाढवला आणि बैल डुरकायला गेला की आर्डुइनो रीसेट, पुन्हा घुंगरू, पुन्हा रीसेट. भाचा रडवेला झाला. त्या बॅटरीला एवढा करंट झेपतच नाही. आता मी १.२ व्होल्टचे चार रिचार्जेबल एए सेल लावतो, म्हणजे ४.८ व्होल्ट, आणि मॉड्यूलला वीज देणाऱ्या व्हीसीसी-ग्राउंड पिनांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. साधे चार सेल मात्र लावू नका: ते ६ व्होल्ट होतात आणि मॉड्यूलची मर्यादा ५ आहे.

स्पीकर ८ ओहम, ३ वॅटचा घ्या, सीताबर्डीत मिळून जाईल. तो उघडा ठेवू नका. मी अर्ध्या किलोच्या श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाला गोल भोक पाडून, कडेने गरम गोंद लावून तो बसवला आणि डबा पाटाखाली स्क्रूने आवळला. त्याच स्पीकरचा आवाज दुप्पट भरदार वाटायला लागला. व्हॉल्यूम ३० पर्यंत जातो, पण माझ्या डब्यात २४ च्या पुढे झाकण थरथरायला लागतं. तुमचा आकडा पोळ्याच्या आदल्या दिवशीच शोधून ठेवा, कारण तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत काही ऐकू येणार नाही.