मावशीला विचारा : मिशनले गेलते का फिरायले?

प्रश्न : प्रेझ द लॉर्ड मावशी. मी २३ वर्षांची, आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या चर्चच्या तरुण संघाचे आम्ही सहा जणं यंदा नेपाळला मिशन ट्रिपला गेलतो, नऊ दिवस, नागपूरहून गोरखपूर ट्रेननं, मग सोनौलीची बॉर्डर आणि तिथून बसनं काठमांडू. पैसे चर्चच्या मंडळीनं उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या सणात जमवून दिले, माझ्या बाबानं पण कापूस विकल्यावर दोन हजार टाकले. तिथं चार दिवस एका चर्चच्या हॉलच्या भिंती घासल्या, रंग मारला, संध्याकाळी प्रार्थना. शेवटचे दोन दिवस मात्र आम्ही फिरलो, बौद्धनाथचा स्तूप, पशुपतिनाथ, धरहरा मनोरा. मी स्टेटसला फोटो टाकले आणि झालं, उपासना सुटल्यावर मंडळीतले एक एल्डर, म्हणजे वडीलधारे पुढारी, काका सगळ्यांसमोर म्हणाले, "मिशनले गेलते का फिरायले? आमचा कापूस याच्यासाठी इकला का?" बाबा मान खाली घालून उभे होते मावशी.

पण खरं सांगू का, मला टोचतंय ते वेगळंच. बौद्धनाथला संध्याकाळी म्हाताऱ्या बाया माळ ओढत स्तूपाला फेऱ्या मारत होत्या, ते पाहून जे वाटलं ते चार दिवस प्रार्थनेला बसून वाटलं नव्हतं. आणि धरहऱ्यावर आम्ही लिफ्टनं वर जाऊन सेल्फी काढत होतो तेव्हा आमच्यासोबत आलेली तिथल्या चर्चमधली आजी खालीच थांबली, वर पाहिलं पण नाही तिनं. काऊन थांबली ते विचारायचं राहूनच गेलं. आता येत्या रविवारी मला चर्चमध्ये साक्ष द्यायची आहे, म्हणजे ट्रिपमध्ये देवानं काय दाखवलं ते सगळ्यांसमोर सांगायचं आहे. फिरलो ते गाळून टाकू का? माझा विश्वास कच्चा आहे का?

उत्तर : बेटा, आधी पैशाचं बोलू, कारण गावात भांडण त्याचंच आहे. ते दोन दिवस कोणाच्या खिशातून गेले? मंडळीच्या असतील तर काकांचं म्हणणं बरोबर आहे, चारचौघात बोलले ते चुकलं. सहा जणं बसून हिशोब काढा, बस, तिकिटं, मोमो, सगळं, नेपाळी रुपयांना १.६ नं भागलं की आपले रुपये निघतात, आणि तेवढे अर्पणात परत टाका. बाबांच्या हातूनच टाका.

आता ते रंगाचं. मला सांग, काठमांडूत पेंटर मिळत नाहीत का? मिळतात, आणि तुम्हा पोट्ट्यांपेक्षा बरा रंग मारतात. रस्त्यावर उभं राहून सुवार्ता सांगायला तर तुम्ही गेलाच नव्हता, नेपाळच्या २०१७ च्या फौजदारी संहितेत धर्मांतर करवणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि परदेशी माणूस असला तर शिक्षा संपल्यावर देशाबाहेर. मग उरलं काय? त्या लोकांजवळ बसणं, ते कसे राहतात ते पाहणं. म्हणून चार दिवस सेवेचे आणि दोन दिवस मौजेचे अशी वाटणी मला मुळात पटतच नाही. बायबलात प्रेषितांची कृत्ये १७ वा अध्याय काढ. प्रेषित पौल अथेनैत, म्हणजे अथेन्स शहरात, सोबत्यांची वाट पाहत होता, शहर फिरला, तिथल्या लोकांच्या पूजेच्या वस्तू पाहिल्या, आणि "अज्ञात देवाला" असं लिहिलेली वेदी त्याला त्या फिरण्यातच दिसली. पुढचं सगळं भाषण त्या वेदीवरून सुरू होतं.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या नागपूरचंच घे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून मिशनरी म्हणून इथं आला, हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. हा माणूस शाळा चालवायचा, प्रचार करायचा, आणि खडक फोडून जीवाश्म गोळा करत हिंडायचा, गोंड लोकांची माहिती उतरवून घ्यायचा. १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहायला गेला आणि परतताना पूर आलेला नाला ओलांडताना बुडून गेला. त्याच्या मंडळीनं तिकडं विचारलं असेल का, मिशनले गेलता का गोटे पाहायले?

बौद्धनाथचं म्हणशील तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चार दिवस भिंती घासून संध्याकाळी नेपाळीत प्रार्थना, तुला काय वाटणार होतं, झोपच आली असेल. मला पोळ्याला बैलाच्या पाया पडणारा शेतकरी पाहून अजून गलबलून येतं, म्हणून माझा बाप्तिस्मा पुसला गेला नाही. दुसऱ्याची भक्ती खरी दिसली की आपल्याला आपली आठवते, कधी कधी लाजही वाटते. आणखी एक सांगते, त्या स्तूपाचा कळस २०१५ च्या भूकंपात तडकला होता, तो उतरवून पुन्हा बांधला, २०१६ मध्ये काम पुरं झालं, पैसा भक्तांच्या दानातून आला. म्हणजे तिथं पण कोणाच्या तरी बापाचा कापूस लागला आहे.

राहिली आजी. तुझ्या अख्ख्या पत्रात मला तीच जास्त दिसली. तो भूकंप २५ एप्रिल २०१५ चा, दुपारी बाराच्या जरा आधी, वार शनिवार. नेपाळात सुट्टी शनिवारची म्हणून चर्च पण शनिवारी भरतं, म्हणजे मंडळी तेव्हा उपासनेत बसली होती, कित्येक तिथंच गेली. जुना धरहरा त्याच वेळी कोसळला, आत चढलेल्या माणसांसकट. तू ज्याच्यावर सेल्फी काढला तो नंतर बांधलेला. आजीचं त्या दिवशी कोण गेलं, का कोणी गेलंच नाही, मला काय माहीत, पण तुला माहीत असायला पाहिजे होतं. तुझी चूक झाली असेल तर ही, फिरलीस ती नाही. पाळकसाहेबांकडं तिथल्या चर्चचा नंबर असेल, रविवारच्या आत फोन लाव आणि तिला विचार. बोलली तर तिची परवानगी घेऊन साक्षीत सांग, नाही बोलली तर तू वर होतीस आणि ती खाली होती एवढं सांग. फोटो पण दाखव, लपवू नको.

प्रश्न : मुलगा चर्चच्या ग्रुपसोबत विमानानं नेपाळला चालला आहे. वय १९. पासपोर्ट नाही, आधार कार्ड चालेल का? (एक आई, मेहकर)

उत्तर : नाही व माय. पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड, आणि ओरिजनल, झेरॉक्स नाही. अजून काढलं नसेल तर आधी ते काढा, मग तिकीट. आणि त्याला सांगून ठेवा, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं आणि उपासना शनिवारी, रविवारी बायबल घेऊन गेला तर बहुतेक कुलूपच दिसेल.