जोडीने परदेशातल्या मळ्यावर राहून काम करायचं असेल तर

तुम्ही विचारलंय की गोव्यातलं तिशीच्या आसपासचं जोडपं दोन-तीन महिने परदेशात फिरताना हॉटेलांऐवजी भाजीच्या मळ्यावर राहून, कामाच्या बदल्यात राहणं-जेवणं मिळवू शकतं का, आणि त्याची रीत काय. रीत सोपी आहे, अवघड आहे तो व्हिसा. म्हणून मळ्यांचे फोटो नंतर बघा, आधी देशाचा नियम वाचा.

पैसे घेत नाही म्हणजे ती नोकरी नाही, हा आपला समज सगळीकडे चालत नाही. न्यूझीलंडमध्ये राहणं-जेवणं हासुद्धा मोबदलाच धरला जातो, त्यामुळे व्हिजिटर व्हिसावर असं काम करता येत नाही. ब्रिटनमध्ये व्हिजिटरला फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते, खासगी मळा त्यात बसत नाही. काम करण्याची मुभा देणारे व्हिसा आहेत. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना आहे आणि ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे, म्हणजे ४६२ क्रमांकाचा व्हिसा. दोन्हींना वय १८ ते ३० आणि दोन्हींची सोडत निघते. जोडप्याची अडचण इथेच होते. अर्ज प्रत्येकाचा वेगळा असतो आणि एकाचं नाव लागलं म्हणून दुसऱ्याला सोबत नेता येत नाही. दोघांची नावं लागेपर्यंत नोकरीचा राजीनामा किंवा तिकीट, दोन्हीला हात लावू नका.

शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पण त्या मुक्कामात मळ्यावरचं काम चालतं की नाही हे प्रत्येक देश आपलं आपण ठरवतो. वकिलातीला ईमेलने नेमकं विचारा: 'टुरिस्ट व्हिसावर, पगाराशिवाय, राहण्या-जेवणाच्या बदल्यात आठवड्याला २५ तास शेतकाम चालेल का?' उत्तर छापून जवळ ठेवा. 'नाही' आलं तर तो देश सोडा. अर्जात काम लपवून जाण्याचा सल्ला बरेच जण देतात, मी अजिबात देणार नाही. खोटी माहिती दिल्याची नोंद झाली की पुढचे व्हिसाही अडतात.

आपल्याकडे एकाचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि दुसऱ्याचा भारतीय अशीही जोडपी असतात. अशांनी पोर्तुगाल सोडून युरोपियन युनियनच्या दुसऱ्या देशात एकत्र जायचं ठरवलं, तर भारतीय जोडीदाराला कुटुंबीय म्हणून बिनशुल्क व्हिसा मागता येतो. त्यासाठी लग्नाच्या नोंदणीचा दाखला लागतो. तो कुठल्या भाषेत आणि अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून हवा का, हे आधी विचारून घ्या.

मळे शोधायला दोन वाटा आहेत. मळे आणि स्वयंसेवक यांची गाठ घालून देणारी वूफ (WWOOF) ही चळवळ १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली, ती सेंद्रिय शेतीपुरती आहे आणि सदस्यत्व देशागणिक वेगळं घ्यावं लागतं. वर्कअवे (Workaway) या वेबसाइटवर शेतीशिवाय इतर कामंही असतात आणि जोडप्याचं एकच खातं निघतं. दोन्हीकडे साधारण रिवाज दिवसाला चार ते सहा तास, आठवड्याला पाच दिवस असा. युरोपचा भाजीचा हंगाम मे ते ऑगस्ट, म्हणजे चवथीला घरी परतता येतं.

यजमानाशी बोलताना सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या: तुम्ही दोन माणसं आहात, दीड नव्हे. 'पाच तास' म्हणजे प्रत्येकी पाच, हे लिहून घ्या. कोण कुठलं काम करणार हेही विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी नवरा मळ्यात आणि बायको स्वयंपाकघरात किंवा मुलांमागे, अशी वाटणी न बोलताच होऊन जाते. स्वयंपाक कामाच्या तासांत धरला जाईल आणि दोघं आळीपाळीने करू, असं पहिल्याच पत्रात लिहा. सुट्टी दोघांना एकाच दिवशी हवी. एक आजारी पडला तर दुसऱ्याने दुप्पट राबायचं नाही. खोलीला बंद होणारं दार आहे का आणि रात्री उबेची काय सोय, हे फोटोसकट मागवा. कॅरव्हॅनमध्ये मे महिन्यातली रात्रसुद्धा आपल्याला बोचते. या प्रश्नांनी चिडणारा यजमान तिथे गेल्यावर आणखी चिडेल, त्याला सोडून द्या.

कामाचं म्हणाल तर कुळागरात वाढलेल्यांनाही काही सवयी बदलाव्या लागतात. आपली जांभ्याची माती पाणी झटकन सोडते. तिकडच्या चिकणमातीत पावसानंतर लगेच पाय ठेवला तर ती दाबून विटेसारखी होते. मूठभर माती दाबून गोळा करा. बोटाने टोचल्यावर भुगा झाला तर कामाला लागा, नुसता खळगा पडला तर त्या दिवशी वाफ्यात जाऊ नका. खुरपणी कोरड्या दिवशी सकाळी करावी, पातं दोन-तीन सेंटीमीटरच खाली फिरवावं, म्हणजे कापलेलं तण दुपारच्या उन्हात वाळतं. खोल खणलं तर खालचं तणाचं बी वर येऊन उगवतं.

रोपं ट्रेमधून कुंडीत हलवायचं काम नवख्यांना हमखास देतात. रोप पानाला धरून उचला, देठाला कधीच नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, पण देठ चेपला की रोप गेलं. टोमॅटो, मिरची बाहेर लावण्याआधी रोपं सात ते दहा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत अशी सरावतात. मध्य युरोपात ती मेच्या मध्यानंतरच लावतात, कारण तोवर रात्री दंव गोठण्याची भीती असते. यजमान 'थांबा' म्हणाला तर थांबा, हवा कितीही छान वाटो. चेनसॉ आणि ट्रॅक्टर शिकल्याशिवाय हातात घेऊ नका.

गवतातल्या गोचिडींना हलक्यात घेऊ नका. युरोपात त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. लांब पँट मोज्यात खोचा आणि रोज संध्याकाळी एकमेकांची पाठ, काखा, गुडघ्यामागची जागा, केसांची कड तपासा. एकट्याला जमत नाही ते जोडीला जमतं. गोचीड दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका, जाळू नका. तारीख लिहून ठेवा. ३ ते ३० दिवसांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा आला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांपूर्वीचा असेल तर निघण्याआधी घ्या. शेंगेनसाठी विमा किमान ३०,००० युरोंचा लागतोच, पण त्याच्या अपवादांच्या यादीत 'अंगमेहनतीचं काम' आहे का, ते वाचा. बऱ्याचदा असतं, आणि मग कुदळ पायावर पडल्याचा दावा नाकारला जातो.

बुटांची माती ब्रशने धुवून न्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर हे तपासतातच, आणि नुकतेच गोठ्यात वा शेतात गेला असाल तर फॉर्मवर तसं सांगावं लागतं. यजमानाला आगशीच्या वांग्याचं किंवा खोल्याच्या मिरचीचं बी द्यावंसं वाटेल, तरी नेऊ नका. युरोपात बियाण्याला वनस्पती-आरोग्य दाखला लागतो, आणि घरचं तूपही चालत नाही. तिकडचं बी परवान्याशिवाय इकडे आणणंही तितकंच चुकीचं.

पहिल्या मळ्यावर दोन आठवड्यांपेक्षा जास्त कबूल करू नका, पटलं तर वाढवता येतं. न पटल्यास निघता यावं म्हणून परतीच्या तिकिटाशिवाय दोघांच्या किमान आठवडाभराच्या लॉजचे पैसे वेगळ्या कार्डावर ठेवा, आणि मळ्यापासून जवळचा बसथांबा किती अंतरावर आहे व रविवारी बस असते का, हे जाण्याआधीच विचारून घ्या.