घरच्या घरी चिनी भाषेचा आरंभ: मराठी कानाचा उपयोग करून घ्या

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा दिसतो: नोकरी सांभाळून दिवसाला तासभर वेळ मिळतो, दोन महिने एका अ‍ॅपवर नेमाने धडे केले, शे-दीडशे शब्द ओळखता येतात, पण चिनी माणूस बोलू लागला की एकही शब्द सुटा ऐकू येत नाही. तेव्हा शिक्षकाशिवाय ही भाषा जमणारी आहे का, आधी अक्षरे घ्यावीत की बोलणे, अक्षरे हाताने लिहावीत का, आणि सोपी केलेली लिपी निवडावी की पारंपरिक, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली नऊ वर्षे ही भाषा घरीच शिकतो आहे आणि त्यातले पहिले वर्ष मी बहुतांशी वाया घालवले. पुढचे उत्तर त्या वाया गेलेल्या वर्षाच्या भांडवलावर लिहिले आहे.

शिक्षकाशिवाय जमते. मात्र आपल्या हाती येणारे बहुतेक साहित्य इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी तयार केलेले असते आणि आपण ते जसेच्या तसे स्वीकारतो, तिथेच पहिली गफलत होते. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पिनयिन ही पद्धत चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेने 1958 साली मंजूर केली. तिने अक्षरे रोमन घेतली, पण त्यांची इंग्रजी मूल्ये घेतली नाहीत. पिनयिनमधले ‘बी’ हे अक्षर ब नव्हे, तर प आहे. ‘पी’ हे अक्षर प नव्हे, तर दोन्ही ओठ मिटून काढलेला, ‘फळ’ या शब्दातला फ आहे. त्याचप्रमाणे ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे जवळपास त आणि थ, ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे क आणि ख. प्रमाण चिनीत ब, द, ग हे घोष व्यंजन शब्दाच्या आरंभी नाहीतच. तिथला सगळा भेद अल्पप्राण आणि महाप्राण असा आहे. इंग्रजी कानाला हा भेद वेगळा ऐकू येत नाही, म्हणून त्यांची पुस्तके ‘ब आणि प समजा’ असे सांगून वेळ मारून नेतात. आपण तर हा भेद लहानपणी बाराखडीबरोबरच गिरवलेला असतो. ‘पा४’ म्हणजे वडील आणि ‘फा४’ म्हणजे भिणे, ‘कोउ३’ म्हणजे कुत्रा आणि ‘खोउ३’ म्हणजे तोंड. (या उत्तरात चिनी शब्दापुढचा अंक त्याचा सूर दाखवतो, त्याविषयी पुढे सांगतो.)

च या अक्षराच्या बाबतीत तर मराठी माणसाला अर्धे काम फुकटात मिळते. ‘चाक’ मधला दंत्य च आणि ‘चिमणी’ मधला तालव्य च आपण विचारही न करता वेगळे उच्चारतो, आणि पिनयिनमधली ‘झेड’ व ‘जे’ ही दोन अक्षरे म्हणजे नेमके हेच दोन च आहेत. निरोप घेताना चिनी माणूस ‘चाइ४-चिएन४’ म्हणतो, त्यात पहिला च चाकातला आहे आणि दुसरा चिमणीतला. हा एकच शब्द बरोबर म्हणून पाहा, म्हणजे मी काय सांगतो आहे ते लक्षात येईल. तिसरा च मात्र आपल्याकडे नाही: ट म्हणताना जिभेचे टोक जिथे वळते तिथे ते ठेवून च म्हणायचा, तो पिनयिनमध्ये ‘झेड’ आणि ‘एच’ ही अक्षरे जोडून लिहितात. या तिन्ही चकारांना एकेक महाप्राण जोडीदार आहे, आणि त्यांतला ‘सी’ या अक्षराचा उच्चार, म्हणजे चाकातल्या च नंतर श्वासाचा झोत, सर्वात जास्त सराव मागतो. ‘एक्स’ म्हणजे जिभेचे टोक खालच्या दातांमागे ठेवून काढलेला श, आणि ‘एस-एच’ म्हणजे आपण बोलण्यात हरवून बसलेला खरा मूर्धन्य ष. ‘यू’वर दोन टिंबे असलेला स्वर काढण्यासाठी ई म्हणत राहावे आणि जीभ न हलवता ओठांचा चंबू करावा. र वाचून समजणारा नाही, तो ऐकूनच घ्यावा.

इतके सांगितल्यावर एक इशाराही द्यायला हवा. चिनी शब्द देवनागरीत लिहून ठेवण्याचा मोह पहिल्या आठवड्यानंतर सोडून द्या. आपल्या लिपीतही दोन्ही च एकाच चिन्हाने लिहिले जातात, त्यामुळे तीन महिन्यांनी स्वतःचीच वही वाचताना फसगत होते. पिनयिन आज ना उद्या लागतेच, कारण शब्दकोशही त्याच क्रमाने असतात आणि मोबाइलवर चिनी टंकनही त्यातूनच होते.

आता सूर, ज्यांना सर्वत्र टोन म्हटले जाते. प्रमाण चिनीत सूर वगळून मोजले तर एकूण सुमारे 400 अवयव (एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे) आहेत, म्हणजे एवढ्या मोजक्या आवाजांत सगळी भाषा बसवलेली आहे; मग सुरावर केवढा भार येत असेल याची कल्पना करावी. पहिला सूर उंच आणि सपाट असतो, डॉक्टर घसा तपासताना काढायला लावतात त्या ‘आऽऽ’सारखा. दुसरा खालून वर चढतो, जसे आपण नवल वाटून ‘हो?’ असे विचारतो. चौथा वरून खाली आपटतो, हट्टी माणसाच्या ‘नाही!’सारखा. तिसऱ्याबद्दल पुस्तके सांगतात की तो खाली जाऊन पुन्हा वर येतो, आणि आलेखही तसाच काढतात. पण तो सुटा किंवा वाक्याच्या अखेरीस आला तरच तसा ऐकू येतो. एरवी तो नुसता खालचा, दबका सूर असतो. हे मला कुणी आरंभी सांगितले असते तर माझे कित्येक महिने वाचले असते. दोन तिसरे सूर लागोपाठ आले तर पहिला बदलून दुसरा होतो, म्हणून ‘नी३ हाओ३’ हा नमस्कार लिहितात तसा आणि म्हणतात मात्र ‘नी२ हाओ३’. शिवाय काही अवयव सूरहीन, हलके असतात.

पहिले आठ महिने मी सुरांकडे ‘नंतर बघू’ म्हणून दुर्लक्ष केले. मग भाषेच्या अदलाबदलीसाठी इंटरनेटवर भेटलेल्या एका चिनी सोबत्याला मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की मला चिनी पुस्तके विकत घ्यायची आहेत. त्याने अत्यंत सभ्यपणे विचारले, ‘किती आहेत तुमच्याकडे?’ ‘माइ३’ म्हणजे विकत घेणे आणि ‘माइ४’ म्हणजे विकणे. मी पुस्तकांचा व्यापारी झालो होतो. त्याहून वाईट म्हणजे त्या वेळेपर्यंत पाठ झालेले सातशे-आठशे शब्द मला पुन्हा, या वेळी सुरासह, पाठ करावे लागले, आणि चुकीचे पाठ झालेले पुसणे हे नवीन शिकण्याच्या दुप्पट कष्टाचे असते.

म्हणून माझा आग्रह असा की पहिले चार आठवडे अक्षरांना हातही लावू नका. त्या काळात ‘मा१, मा२, मा३, मा४’ अशी सुटी घोकंपट्टीही करू नका, कारण बोलताना सूर एकटा येत नाही. चार सुरांपुढे चार सूर अशा 16 जोड्या होतात, आणि मागे सूरहीन अवयव आला तर आणखी 4. या 20 जोड्यांसाठी प्रत्येकी दोन-तीन खरे शब्द निवडा, चिनी माणसाच्या आवाजात ऐका, म्हणा, मोबाइलवर आपला आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशेजारी लावून ऐका. पहिल्यांदा आपलाच आवाज ऐकून लाज वाटेल, ती वाटू द्यावी. याच्या जोडीला रोज दहा मिनिटे श्रुतलेखन करा, म्हणजे छोटे वाक्य ऐकून ते पिनयिनमध्ये सुरासह लिहायचे आणि ताडून पाहायचे. ‘एकही शब्द सुटा ऐकू येत नाही’ ही तुमची तक्रार यानेच दूर होईल. अ‍ॅपवर चार पर्यायांतून एक निवडताना कानाला काही कामच नसते. शिक्षक नको असला तरी या महिन्यात दोन-तीन वेळा कुणी चिनी भाषकाने तुमचे उच्चार तपासून द्यावेत, एवढा खर्च मात्र टाळू नये.

व्याकरणाची भीती बाळगण्याचे कारण नाही. लिंग, विभक्ती, क्रियापदाची रूपे यांतले काहीच नाही, आणि जे आहे ते पुष्कळदा मराठीच्या चालीने जाते. ‘नी३ लाइ२ मा’ म्हणजे ‘तू येतोस का’, आणि आपल्या ‘का’प्रमाणे तो ‘मा’ही वाक्याच्या शेवटी बसतो. ‘मी विकत घेतलेले पुस्तक’ ही रचना ‘मी-घेणे-चे-पुस्तक’ अशा क्रमाने तशीच उतरते. तीन माणसांना ‘तीन जण’ म्हणताना आपण जो ‘जण’ घालतो, तसा शब्द चिनीत प्रत्येक मोजण्याच्या वस्तूला लागतो, पुस्तकाला एक, सपाट वस्तूला दुसरा, लांबोळक्या वस्तूला तिसरा. ते नामाबरोबरच पाठ करावेत. आपण आणि आम्ही हा भेदसुद्धा आहे: ‘चान२-मन’ म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण, जरी तो शब्द उत्तरेकडच्या बोलण्यात जास्त ऐकू येतो आणि ‘वो३-मन’ दोन्ही अर्थांनी चालतो. बदलावे लागते ते मुख्यतः एवढेच की कर्म क्रियापदानंतर जाते. वेळ आणि ठिकाण मराठीसारखे आधीच येतात.

एका लहानशा शब्दाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यावर इंग्रजी पुस्तके पानेच्या पाने खर्च करतात. तो शब्द ‘ल’. तो भूतकाळाचे चिन्ह आहे असे समजून मी बराच काळ चुकलो. आतून कुणी हाक मारली की चिनी माणूस उत्तर देतो, ‘लाइ२ ल’. तो अजून जागचा हललेलाही नसतो. इंग्रजी विद्यार्थी गोंधळतो, कारण ‘येणे’ आणि भूतकाळाचे चिन्ह मिळून न झालेली गोष्ट कशी सांगितली जाते, हे त्याला कळत नाही. आपण हाकेला काय उत्तर देतो? ‘आलो!’ खिडकीबाहेर पहिले थेंब पडू लागले की आपण ‘पाऊस आला’ म्हणतो, तेव्हा तो म्हणतो ‘श्या४ यू३ ल’. परिस्थिती पालटली, एवढेच तो ‘ल’ सांगतो. असे एखादे वाक्य अडले की त्याचे इंग्रजी भाषांतर वाचण्याआधी तेच आपण घरात कसे म्हणू, याचा विचार करून पाहावा. हे दर वेळी जुळत नाही, पण जुळते तेव्हा नियम पाठ करण्याचे कष्ट वाचतात.

शब्दांसाठी आंकी हे उजळणीचे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यातला पत्ता, म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेले कार्ड, सुट्या शब्दाचा करण्याऐवजी छोट्या वाक्याचा आणि आवाजासह करा. दिवसाला आठ-दहाच्या वर नवे पत्ते घेऊ नका. मी वीस घेत होतो आणि एका आजारपणानंतर नऊशे थकलेल्या पत्त्यांचा डोंगर पाहून तीन आठवडे ते उघडलेच नाही. शब्दकोश म्हणून प्लेको मोबाइलवर ठेवा.

अक्षरांकडे पाचव्या आठवड्यात वळा. त्यांना चित्रलिपी म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती दिशाभूल करते, कारण बहुतेक अक्षरांचा एक भाग अर्थाकडे आणि दुसरा उच्चाराकडे बोट दाखवतो. ‘छिङ१’ असा उच्चार असलेले, हिरव्या-निळ्या रंगाचे एक जुने अक्षर आहे. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की ‘छिङ१’, स्वच्छ, निवळ. बोलण्याचे चिन्ह काढले की ‘छिङ३’, विनंती करणे, कृपया. हृदयाचे काढले की ‘छिङ२’, भावना. सूर्याचे काढले की ‘छिङ२’च, पण अर्थ निरभ्र. अशी कुटुंबे हाती लागली की पाठांतराचे ओझे कमी होते. 1716 सालच्या कांगशी शब्दकोशात असे 214 मूळ घटक मानले आहेत. त्यांतले नेहमी दिसणारे चाळीसेक आधी शिकावेत, उरलेले वाटेत भेटतात.

हाताने लिहिण्याबद्दल माझे मत मधले आहे. पहिली शंभर-दीडशे अक्षरे हाताने लिहाच, कारण त्याशिवाय रेघांचा क्रम अंगवळणी पडत नाही आणि एकसारखी दिसणारी अक्षरे डोळ्यांना वेगळी करता येत नाहीत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ आधी आणि उभी नंतर, एवढ्या नियमांवर बरेच भागते. ‘देश’ या अर्थाच्या अक्षराला चौफेर चौकट असते. तिच्या तीन बाजू काढून, आतला भाग भरून, मग तळाची रेघ ओढायची. ‘आधी माणसे आत घ्या, मग दार लावा’ असे चिनी शिक्षक मुलांना सांगतात. पुढची अक्षरे ओळखता आणि टंकता आली तरी आरंभकाला पुरे.

वर्षभरात किती होईल, हेही स्पष्ट सांगतो. अमेरिकी परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना व्यावसायिक पातळीसाठी सुमारे 2200 तासांचे वर्ग धरते. तुमच्याकडे वर्षाला 365 तास आहेत. तेवढ्यात पाच-सहाशे शब्द पक्के होऊन साधे संभाषण आणि सोपे परिच्छेद जमावेत, आणि ते काही थोडे नाही. एचएसके या चिनी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेचे पुस्तक घेताना मात्र ते कोणत्या आराखड्याचे आहे ते पाहा: 2010 च्या सहा पातळ्यांत पहिलीला 150 शब्द होते, तर 2021 च्या नऊ पातळ्यांच्या मानकात पहिलीलाच 500 आहेत.

राहिला लिपीचा प्रश्न. तैवान किंवा हाँगकाँगशी तुमचा खास संबंध नसेल तर चीन आणि सिंगापूरमध्ये चालणारी सोपी लिपी घ्या, आणि पहिले वर्षभर दोन्हींची सरमिसळ करू नका. पारंपरिक अक्षरे पुढे नुसती वाचण्यापुरती शिकणे तितके अवघड जात नाही. माझी फजिती करणारी ती जोडी सोप्या लिपीत अशी दिसते की ‘विकत घेणे’ या अक्षराच्या डोक्यावर ‘दहा’ या अर्थाच्या चिनी अक्षराचा क्रूस ठेवला की ‘विकणे’ होते. पारंपरिक लिपीत दोन्हींच्या तळाशी एक शिंपला आहे, कारण चीनमध्ये एके काळी कवड्या पैशासारख्या चालत. सोपे करताना तो शिंपला गळून पडला.