सासूबाई नरकात गेल्या, हे ठरवणारे ते कोण?

ताई, माझं माहेर वसईतलं, कॅथलिक. लग्न हिंदू घरात केलं, चर्चची रीतसर परवानगी घेऊन. सासूबाई पक्क्या माळकरी. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी काढली, मुलीच्या बाप्तिस्म्याला पहिल्या बाकावर बसल्या. सहा महिन्यांपूर्वी त्या गेल्या. नंतर एका रिट्रीटमध्ये (प्रार्थना-शिबिरात) प्रवचनकार म्हणाले, बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही. येशूचं नाव ऐकूनही जो येत नाही त्याला नरकच. तेव्हापासून झोप उडाली आहे. दर शनिवारी पापनिवेदनाला जाते, तीच जुनी पापं पुन्हा सांगते. आठ वर्षांची लेक विचारते, आजी कुठे आहे? मला हे पटत नाही, हेही पापच का?

—

तुमच्या प्रवचनकारांनी हे मनचं काढलेलं नाही, हे आधी सांगते. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने जवळजवळ हेच लिहून ठेवलं आहे: ख्रिस्तसभेबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, मरणारे सगळे अनंत अग्नीत जाणार. तेव्हा युरोपात समज असा होता, की शुभवर्तमान सगळीकडे पोचलंय आणि जो बाहेर आहे तो हट्टाने बाहेर आहे. पुढच्या पन्नास वर्षांत जहाजं अमेरिकेला लागली, आणि येशूचं नावही कधी न ऐकलेली राष्ट्रंच्या राष्ट्रं समोर आली. समजाचा पायाच गेला. शिकवण बदलायला मात्र शतकं लागली. १८६३ साली पोप नववे पायस यांनी लिहिलं, की स्वतःचा दोष नसताना अजाण राहिलेल्या, सचोटीने जगणाऱ्या माणसाला देवाच्या कृपेने सार्वकालिक जीवन मिळू शकतं. बोस्टनचे फादर लेनर्ड फीनी जुना शब्दशः अर्थ धरून बसले, तेव्हा १९४९ मध्ये रोमने पत्र लिहून तो अर्थ खोडला. १९५३ मध्ये फीनींनाच बहिष्कृत केलं. (कागदोपत्री कारण आज्ञाभंगाचं होतं.) १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे ‘लुमेन जेन्शियुम’ या दस्तऐवजाच्या १६व्या परिच्छेदात नक्की केलं: जे ख्रिस्ताला ओळखत नाहीत, पण मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तुमचे प्रवचनकार १४४२ पाशी थांबले आहेत.

पण तुमचा काटा ‘नाव ऐकूनही’ या शब्दांत आहे ना? सासूबाईंनी नाव ऐकलं होतं, चर्चमध्ये बसल्या होत्या. इथे त्याच दस्तऐवजाचा १४वा परिच्छेद वाचा. तिथे अट कडक आहे. ख्रिस्ताने ही सभा तारणासाठी आवश्यक केली हे ज्याला ठाऊक आहे आणि तरी जो आत यायला किंवा आत राहायला नाकारतो, त्याला तारण नाही, असं ते वाक्य आहे. सुनेचा येशू ठाऊक असणं वेगळं, आणि तोच खरा हे मनोमन पटूनही पाठ फिरवणं वेगळं. उभा जन्म विठ्ठलाला वाहिलेल्या बाईने काहीही नाकारलेलं नाही. ती तिला दिसलेल्या उजेडात चालली. पुढचं देवाकडे. ख्रिस्तसभेने हजारोंना संत घोषित केलं, पण अमुक माणूस नरकात आहे असं आजवर एकाही नावानिशी जाहीर केलेलं नाही. जे पोपही करत नाहीत ते मांडवात माईक धरून करण्याचा अधिकार कुणी दिला?

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारलं जातं ते हेच: भुकेल्याला जेवू घातलंस का, आजाऱ्याकडे गेलास का. दोन बाळंतपणं काढणारीची बाजू तिथे लंगडी नाही. मात्र सार्वकालिक अग्नी त्याच अध्यायात आहे, हे लपवत नाही. नरकाची शिकवण चर्चने सोडलेली नाही, आणि सार्वकालिक नरक ही गोष्टच तुम्हाला पटत नसेल तर तो खरा मतभेद आहे. शब्दांची कसरत करून तो मिटणार नाही. फादरांना तो तसाच सांगा. चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात, २०८८व्या परिच्छेदात, मनात आपोआप उठलेली शंका आणि जाणूनबुजून जोपासलेली शंका यांत फरक केला आहे. पटत नाही म्हणून रात्र जागवणारी बाई पहिल्या प्रकारात मोडते.

आता शनिवार. मला जास्त काळजी याची आहे. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव, पूर्ण संमती. आणि एकदा सांगून क्षमा मिळालेलं पाप पुन्हा सांगायची गरज नसते. पुन्हा सांगितल्याने क्षणभर हायसं वाटतं, दोन दिवसांत धास्ती दुप्पट होते, मग पुन्हा शनिवार. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसाला जेज्वीट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याच भोवऱ्यात जीव द्यायच्या विचारापर्यंत पोचले होते. जुनं पुन्हा सांगायचं नाही असं ठरवल्यावर ते सुटले. एकच फादर धरा, सारखे बदलू नका. त्यांना स्पष्ट सांगा, ‘मला जुनं पुन्हा सांगायची ओढ लागते, मला थांबवा.’ महिन्यातून एकदा पुरे. नियम तर गंभीर पापांसाठी वर्षातून एकदाच सांगतो. दोन-तीन आठवडे धास्ती वाढेल, तरी जाऊ नका. तरीही रोज तासन्‌तास तेच विचार घोळत राहिले, तर हा मंत्रचळाचा आजार (ओसीडी) असू शकतो आणि तो बरा होतो. मानसोपचारतज्ज्ञ गाठा, मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर त्याच दिवशी फिरवा.

लेकीला लांबलचक नको. ‘आजी देवाच्या हातात आहे, देव आजीला माझ्यापेक्षा चांगला ओळखतो.’ एवढंच सांगा. तिच्या धर्मशिक्षणाच्या टीचरना आधीच भेटून घरची परिस्थिती सांगा, नाहीतर वर्गात कुणीतरी ते प्रवचन तिच्या कानावर घालेल.

आणि सासूबाईंसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मागा. चर्चच्या कायद्याचं कलम ९०१ म्हणतं, धर्मगुरू कुणासाठीही मिस्सा अर्पू शकतो, हयात असो वा मृत. बाप्तिस्म्याची अट तिथे नाही. पॅरिशच्या कार्यालयात ‘हिंदूंसाठी चालत नाही’ म्हणाले, तर वाद न घालता कलमाचा आकडा द्या. नावापुढे धर्म लिहायची गरज नाही. त्यांचं पूर्ण नाव लिहा, आणि नवऱ्याला आधी विचारून तारीख घ्या.