‘जिल्ह्यातच राहिला, आता त्याचं काय होणार?’

जानेवारीत अमळनेर तालुक्यातलं एक कुटुंब माझ्याकडे जळगावला आलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा सतरा वर्षांचा. दहावीला 81 टक्के, मराठी माध्यम, इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं पहिलं वर्ष. पहिल्या सेमिस्टरला तीन विषय राहिले होते. निकाल लागला त्या दिवशी हॉस्टेलमधून गादी-पेटी घेऊन तो घरी आला, तो परत गेलाच नव्हता.

“सर, मना पोऱ्या हुशार शे,” वडील अहिराणीत म्हणाले. “पन आते जेवस नही, बोलस नही.” मग सावरून मराठीत म्हणाले, “चूक माझीच. जिल्ह्यातल्या कॉलेजात टाकलं. इथं काय ठेवलंय? पुढच्या वर्षी कर्ज काढतो आणि पुण्याला पाठवतो.”

आपल्या खानदेशात ही काळजी घरोघरी आहे. पोराला पुण्याला धाडलं नाही तर त्याचं नुकसान केलं, असं आईबाप मनाला लावून घेतात. मी तेव्हा त्यावर काहीच बोललो नाही. आधी मुलाशी एकट्याशी बोलणं गरजेचं होतं.

त्याला मी सरळच विचारलं, “जीव नकोसा होतो का रे कधी?” हा प्रश्न विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, असं पालकांना वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं, याचंच मुलाला हायसं वाटतं. तो म्हणाला, “मरावंसं नाही वाटत सर. कुणाला दिसू नये असं वाटतं.” तरीही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावला. तिथं मराठीत बोलता येतं.

मग वही मागितली. अक्षर मोत्यासारखं, पानं भरलेली. फळ्यावरचं इंग्रजी त्यानं स्वल्पविरामासकट उतरवलं होतं. एका ओळीवर बोट ठेवून अर्थ विचारला तर मान खाली. “माले काहीच समजस नही, सर.” वर्गात प्रश्न विचारतोस का? नाही. का? “इंग्लिशमध्ये विचारावं लागेल ना.”

वाट दाखवली ती आईनं. दाराशी उभ्या असलेल्या त्या माउलीनं एवढंच सांगितलं की पोरगा दिवसभर पडून असतो, पण शेतातली लाइट रात्री येते तेव्हा मोटर सुरू करायला तोच उठून जातो, दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाही.

समुपदेशनात येण्याआधी मी बरीच वर्षं पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकल शिकवलंय, त्यामुळे पुढचं बोलणं सोपं गेलं. विहिरीवर 10 एचपीची मोटर, हँडलचा जुना स्टार्टर. मी विचारलं, हँडल एकदम ‘रन’ला का नाही टाकत? तो पहिल्यांदा ताठ बसला. “एकदम टाकलं तर मोटर फार करंट ओढते सर, फ्यूज उडतो. आधी ‘स्टार्ट’ला ठेवायचं, आवाज चढला की मग ‘रन’.” आणि एक फेज गेला तर? “मोटर नुसती घूं करते. तशीच ठेवली तर आतल्या तारांचं वाइंडिंग जळतं, कारण सगळा भार उरलेल्या दोन फेजवर येतो.”

मी कागद पुढे केला. ‘स्टार्ट’ म्हणजे तुझ्या वहीतलं स्टार, तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं; ‘रन’ म्हणजे डेल्टा, तीच वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली. लाइनवर 415 व्होल्ट आहेत. स्टारमध्ये एका वाइंडिंगला किती मिळतात? 415 भागिले वर्गमूळ 3, म्हणजे भागिले 1.732. त्यानं मोबाइलवर भागाकार केला आणि 239.6 बघून म्हणाला, “म्हणजे घरच्या लाइटीएवढेच!” लाइनमधून ओढला जाणारा करंट तर डेल्टाच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. फ्यूज का वाचतो, ते त्याच्या डोळ्यांसमोर आलं. ज्या गणितात तो नापास झाला होता, ते रोज रात्री त्याच्या हाताखालून जात होतं. तो कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

अडचण भाषेची होती, आणि भाषेची लाज वाटण्याची त्याहून मोठी. पुण्याला गेला असता तर हीच अडचण सोबत गेली असती. वर खोलीभाडं, मेस, आणि डोक्यावर कर्ज आहे ही टोचणी. माझं हे मत ठाम आहे: घाबरलेल्या पोराला आणखी लांब पाठवू नये.

वडिलांना हे पटायला दोन बैठका लागल्या. त्यांच्या मनात कॉलेज म्हणजे पुणेच होतं. मी त्यांना म्हटलं, भाऊ, पुण्याचं सरकारी अभियांत्रिकी कॉलेज 1854 साली कशासाठी सुरू झालं माहीत आहे? रस्ते, कालवे, इमारतींच्या सरकारी कामांवर दुय्यम अंमलदार लागत होते, ते तयार करण्यासाठी. आज आपण डिप्लोमावाल्याला ज्या जागी बघतो, जवळपास तीच जागा. नाव झालं ते पुढे.

आपल्याकडची गोष्ट फार जुनी नाही. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यानं खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली, आणि त्याच साली जळगावजवळ बांभोरीला, धुळ्याला आणि फैजपूरला कॉलेजं उभी राहिली. त्याआधी खानदेशातल्या पोराला इंजिनिअरिंगच्या डिग्रीसाठी घर सोडावंच लागायचं. ज्याच्या बापाला झेपायचं नाही त्याचा विषयच संपायचा. विद्यापीठाच्या कामालाही 1990 पर्यंत पुणंच गाठायचं. त्या वर्षी 15 ऑगस्टला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आज त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 चं. शिरपूरचं खासगी कॉलेज 2001 चं.

“पण कंपनी पुण्यातच ना सर? विप्रोसारखी?” असं अमळनेरच्याच माणसानं विचारावं, याचं मला वाईट वाटलं. विप्रो 1945 साली अमळनेरातच सुरू झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून. हे त्यांना माहीत होतं, फक्त पोराच्या काळजीत आठवलं नव्हतं.

प्लेसमेंटच्या बाबतीत मी खोटा दिलासा दिला नाही. पुण्याच्या मोठ्या कॉलेजांत जेवढ्या कंपन्या येतात, तेवढ्या आपल्याकडे येत नाहीत. सगळी स्थानिक कॉलेजंही सारखी नाहीत. काही ठिकाणी वर्कशॉपला कुलूप असतं, ते प्रवेशाआधी स्वतः जाऊन बघायचं असतं. पण डिप्लोमा हा जिना आहे. दहावीनंतर तीन वर्षं, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअरच्या भरतीला डिप्लोमा चालतो, वीज कंपन्यांत त्याच्यासाठी वेगळी पदं निघतात. भुसावळचं लोको शेड आणि दीपनगरचं वीज केंद्र तर आपल्या दारात आहे. पुणं बघायचंच असेल तर डिग्रीला बघू, तोवर पोरगा वीस वर्षांचा झालेला असेल.

मुलासोबत ठरवलं ते थोडंच होतं. हॉस्टेलला परत जायचं, पण पहिले दोन महिने दर शनिवारी घरी. रोज एका पानाचा अर्थ आपल्या बोलीत लिहायचा, मग त्यातले तांत्रिक शब्द तेवढे इंग्रजीतून पाठ करायचे. तंत्रशिक्षण मंडळानं मराठी-इंग्रजी मिसळून शिकायचा आणि पेपर लिहायचा पर्याय दिला आहे. आपल्या कॉलेजात तो घेता येतो का, हे त्यानं स्वतः ऑफिसात जाऊन विचारायचं. आणि आठवड्यात एक प्रश्न वर्गात, मराठीतून का असेना. या शेवटच्या अटीला तो तयार नव्हता. दोन आठवडे त्यानं ती पाळलीही नाही, आणि मीही रेटली नाही.

उन्हाळी परीक्षेत तीनपैकी दोन विषय निघाले. गणित राहिलंय, त्याचा पेपर हिवाळ्यात. वडिलांनी कर्जाचा विषय सोडून दिला आहे.

परवा तो एकटाच एसटीनं आला होता. नवी वही काढून म्हणाला, “सर, हँडल लवकर ‘रन’ला ओढलं तर मोटर पुन्हा एकदम करंट ओढते, हे समजलं. पण ऑटोमॅटिक स्टार्टरच्या टायमरला किती सेकंद द्यायचे, हे कसं ठरवतात?” उत्तर मला येत होतं. मी म्हटलं, तुमच्या मशीनच्या सरांना विचार.

“विचारलं सर,” तो म्हणाला. “ते म्हणाले, आधी लॅबमधल्या मोटरला स्पीड धरायला किती वेळ लागतो तो मोज आणि मग ये. सोमवारी मोजणार आहे.”